गाठ मानेत, मूळ गाव घशात

सकाळी दाढी करताना हात जबड्याखाली गेला आणि बोटाला काहीतरी लागलं. लिंबाएवढं. दाबलं तर दुखत नाही. घसा ठीक, आवाज ठीक, जेवण रोजच्यासारखं, ताप नाही. माणूस पन्नाशीचा, तंबाखूला कधी हात न लावलेला. मग "अवधान आलं असेल, जाईल आपोआप" असं म्हणत महिना-दीड महिना निघून जातो. गाठ मात्र होती तिथेच असते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा गाठींतून सुईने काढलेल्या पेशी काचेवर पसरून माझ्याकडे येतात. बहुतेक काचांवर साधी सूज असते, बऱ्याच वेळा क्षय असतो आणि अधूनमधून एखाद्या काचेवर कर्करोगाच्या पेशी दिसतात. त्या स्क्वेमस जातीच्या आहेत एवढं मला लगेच कळतं. स्क्वेमस म्हणजे तोंड, घसा, स्वरयंत्र यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशी. पण मानेतल्या ग्रंथीत असं अस्तर नसतंच. म्हणजे या पेशी तिथल्या नाहीत, दुसरीकडून येऊन तिथे राहिल्या आहेत. आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, "मूळ गाव कुठलं?" या पेशींनाही तेच विचारायचं असतं. कर्करोगामागे विषाणू असेल तर हे मूळ गाव फार चांगलं लपलेलं असतं. गंमत अशी, की ते शोधायचा धागाही तोच विषाणू देतो.

आधी गाठ मानेतच का येते ते पाहू. मानेत लसीका ग्रंथी शेकड्यांनी असतात. घसा खवखवला की जबड्याच्या कोनाखाली जी दुखरी सुपारी हाताला लागते, ती यांतलीच एक. तोंड, नाक, घसा यांच्या अस्तरातून झिरपलेलं पाणी या ग्रंथींतून गाळून पुढे जातं. प्रत्येक भागाचं पाणी ठरलेल्या वाटेने ठरलेल्या ग्रंथींकडे येतं, ओढ्याचं पाणी ठरलेल्या बंधाऱ्याला यावं तसं. अस्तरात कुठे कर्करोग सुरू झाला आणि त्याच्या पेशी सुटल्या, की त्या पहिल्यांदा त्या बंधाऱ्याला अडकतात आणि तिथे वाढू लागतात. म्हणून गाठ नेमकी कुठे आहे यावरूनच अनुभवी कान-नाक-घसा तज्ज्ञ निम्मा अंदाज बांधतात. हनुवटीखाली असेल तर ओठ किंवा तोंडाचा पुढचा भाग. मानेच्या मागच्या अंगाला असेल तर नाकाच्या मागची पोकळी. अगदी खाली, गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या वर असेल तर फुप्फुस आणि पोटसुद्धा तपासावं लागतं. आणि जबड्याच्या कोनाखाली असेल, तर पहिला संशय टॉन्सिल आणि जिभेचं मूळ यांच्यावर.

बहुतेक पेशंटमध्ये मूळ पटकन सापडतं. जिभेच्या कडेला व्रण असतो, गालाच्या आत चट्टा असतो, स्वरयंत्रावर गाठ दिसते. पण डोक्या-मानेच्या कर्करोगांत शंभरातल्या दोन ते पाच जणांच्या बाबतीत मानेत गाठ आहे, त्यात कर्करोग आहे, आणि घशात मात्र काहीच दिसत नाही. रिपोर्टवर 'अननोन प्रायमरी' असं लिहिलं जातं, म्हणजे मूळ अज्ञात. घरच्यांना वाटतं, डॉक्टरांना काही कळलंच नाही. त्यांचं वाटणं मी समजू शकते. पण 'अज्ञात' हा शब्द तपासाच्या सुरुवातीचा आहे. अशा गाठींपैकी युरोप-अमेरिकेत आता बहुसंख्य गाठी एचपीव्ही या विषाणूमुळे झालेल्या निघतात, आणि त्यांचं मूळ गाव बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतं: टॉन्सिल किंवा जिभेचं मूळ.

टॉन्सिलच्या आत

आरशासमोर उभे राहा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि मोठा आ करा. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, कमानीच्या मागे, दोन गुलाबी उंचवटे दिसतील. लहानपणी काढले असतील तर दिसणार नाहीत. उंचवट्यांवर बारीक छिद्रं असतात. काहींच्या छिद्रांत पांढरे खडे अडकतात आणि तोंडाला वास येतो. ही छिद्रं म्हणजे आत खोल गेलेल्या खाचांची तोंडं. एका टॉन्सिलमध्ये साधारण दहा ते तीस खाचा असतात, आणि आत जाऊन त्यांना फाटे फुटतात. बाहेरून टॉन्सिल बदामाएवढं, पण सगळ्या खाचा उलगडून पसरल्या तर आतलं अस्तर ३०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे शाळेच्या वहीचं एक अख्खं पान.

हे पान असं चुरगाळून ठेवण्यामागे कारण आहे. श्वासातून आणि घासातून आत येणाऱ्या जंतूंची ओळख शरीराच्या संरक्षक पेशींना इथे करून दिली जाते. त्यासाठी खाचांमधलं अस्तर गालाच्या अस्तरासारखं जाड आणि सलग नसतं. ते विरळ असतं, जाळीदार. जुन्या साडीचा काठ विरावा तसं मधूनमधून उसवलेलं. संरक्षक पेशी त्यातून सहज ये-जा करतात.

एचपीव्हीला नेमकं हेच सोयीचं पडतं. त्याला अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी हव्या असतात, कारण नव्या पेशी तिथेच तयार होतात. गालाच्या आत तिथपर्यंत पोचायला जखम लागते. टॉन्सिलच्या खाचेत तो थर आधीच उघडा असतो. आणि पुढे कधी तिथे कर्करोग झाला, तर त्याच्या पेशींना बाहेर पडायलाही तीच विरलेली जाळी मिळते. मग मूळ गाठ खाचेच्या तळाशी तीन-चार मिलिमीटरची, मसुराच्या दाण्यापेक्षा लहान, आणि तिची मानेतली वसाहत लिंबाएवढी, असं उलटं चित्र तयार होतं. टॉन्सिल बाहेरून गुळगुळीत दिसतं, गिळताना दुखत नाही, रक्त येत नाही. तपासणाऱ्याची चूक नसते. डोळ्यांना दिसेल अशा जागी तिथे काही नसतंच.

असंच टॉन्सिलसारखं मांस जिभेच्या मुळाशीही असतं, आ केल्यावर दिसतं त्याच्याही खूप मागे. आणि नाकाच्या मागे, लहान मुलांत वाढून घोरणं सुरू करणारे अॅडेनॉइड असतात. या सगळ्यांचं मिळून घशाभोवती एक कडं तयार होतं. १८८४ मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डेयर यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. विषाणूंमुळे होणारे घशाचे कर्करोग बहुतांशी या कड्यावरच सुरू होतात. तपासाचा परिसर एवढ्यावर आला, ही मोठीच मदत आहे.

विषाणूची खूण

एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. काहींमुळे हातापायांवर चामखीळ येते, पुढे काही होत नाही. १६ क्रमांकाचा प्रकार वेगळा. १९८३ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउजेन यांच्या गटाला तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सापडला आणि त्या कामासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. घशाशी त्याचं नातं ठामपणे पुढे आलं ते २००० मध्ये. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मॉरा गिलिसन आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाचे २५३ नमुने तपासले. त्यांपैकी ६२ मध्ये एचपीव्ही होता, आणि त्या ६२ पैकी दहातले नऊ १६ क्रमांकाचे होते. हे नमुने प्रामुख्याने टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचे होते. जिभेच्या पुढच्या भागाचे, गालाचे फारसे नाहीत.

या विषाणूची सगळी जनुकीय लिखापढी जेमतेम ८,००० अक्षरांची आहे. तेवढ्यात त्याच्याकडे दोन हत्यारं आहेत, ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं. आपल्या पेशीत पी-५३ नावाचं प्रथिन असतं. पेशीचा डीएनए बिघडला तर ते तिला थांबवतं, दुरुस्ती होत नसेल तर संपवतं. ई-६ या पी-५३ ला नष्ट करतं. आरबी नावाचं दुसरं प्रथिन पेशीला विनाकारण दुभागू देत नाही. ई-७ त्याला निकामी करतं. आता पेशीला थांबवणारं कोणी उरत नाही. हे सगळं एका रात्रीत होत नाही, आणि बहुतेकांत तर होतच नाही. दहापैकी नऊ जणांचं शरीर हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावतं. थोड्यांच्या खाचांमध्ये तो टिकून राहतो, आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत दहा, वीस, तीस वर्षंही जातात.

आरबी निकामी झालं की एक गोष्ट घडते, आणि आमच्या कामाला ती फार उपयोगी पडते. पी-१६ नावाच्या एका प्रथिनावर एरवी आरबीचा वचक असतो. गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक तुटला की पाणी वाहतच राहतं आणि भिंतीवर ओघळ दिसू लागतात, तसं पेशीत पी-१६ भरून वाहायला लागतं. प्रयोगशाळेत आम्ही त्या पेशींवर पी-१६ पकडणारा रंग टाकतो. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक आणि त्याभोवतीचा भाग, दोन्ही गर्द तपकिरी दिसतात. ७० टक्के किंवा त्याहून जास्त पेशी अशा ठळक रंगल्या तर चाचणी पॉझिटिव्ह. शेजारच्या साध्या पेशी फिक्या निळ्या आणि मधेच तपकिरी पेशींचे पुंजके. हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

म्हणजे मानेतल्या गाठीतून सुईने काढलेल्या थेंबभर मालावर ही चाचणी केली, तर घशात काही दिसत नसतानाही ती सांगते, "टॉन्सिल आणि जिभेचं मूळ बघा." माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत या आजारात झालेली सगळ्यात मोलाची प्रगती हीच.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. पी-१६ हा भिंतीवरचा ओघळ आहे, बॉल कॉक नाही. ओघळ दुसऱ्या कारणानेही येऊ शकतो. वेगवेगळ्या देशांतल्या साडेसात हजारांहून जास्त पेशंटचा एकत्रित अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या सुमारे नऊ जणांमध्ये पी-१६ आणि प्रत्यक्ष विषाणूची चाचणी यांची उत्तरं जुळली नाहीत. ज्या देशांत घशाच्या कर्करोगात एचपीव्हीचा वाटा कमी, तिथे पी-१६ ने फसवण्याचं प्रमाण जास्त होतं. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारी यांनी होणारे कर्करोग इतके आहेत की आपण त्या बाजूला बसतो. म्हणून पी-१६ पॉझिटिव्ह आल्यावर शक्य असेल तिथे विषाणूचा डीएनए किंवा आरएनए शोधणारी चाचणीही करून घ्यावी. पेशंटने डॉक्टरांना हे विचारण्यात काहीही गैर नाही.

गाठीचे तीन चकवे

आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की पहिला शब्द येतो 'टीबी'. तो चुकीचा नाही, क्षयाच्या गाठी खरोखरच खूप आहेत. पण सुईची तपासणी न करता, नुसत्या अंदाजावर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात, त्याचा मला मनापासून राग येतो. गोळ्या घेऊन दोन महिने होतात, गाठ तेवढीच. मग "अजून थोडे दिवस बघू." माझ्यापर्यंत काच येते तेव्हा गाठ एकाची तीन झालेली असते. क्षय असेल तर सुईतून तोही सिद्ध करता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, भूलही लागत नाही.

दुसरा चकवा पाण्याच्या गाठीचा. एचपीव्हीच्या कर्करोगाची मानेतली गाठ पुष्कळदा आतून पोकळ असते. सुई घातली की पिवळसर पाणी येतं आणि पेशी अगदी थोड्या. सोनोग्राफीतही पाण्याची गाठ दिसते. जन्मजात राहिलेल्या एका निरुपद्रवी गाठीचं चित्र हुबेहूब असंच असतं, आणि तरुण मुलांमध्ये ती असतेही. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत पहिल्यांदाच पाण्याची गाठ आली, तर कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असं धरून चालायचं असतं. पाणी काढून झाल्यावर गाठीच्या जाड भिंतीत, सोनोग्राफीवर बघत, पुन्हा सुई घालावी लागते.

तिसरा चकवा म्हणजे "चला, गाठ कापूनच टाकू." मानेवर छेद देऊन गाठ आधी काढली की तिथले थर एकमेकांना चिकटतात, नंतरची मोठी शस्त्रक्रिया अवघड होते आणि मूळ शोधायचं राहूनच जातं. आधी सुई. सुईने दोनदा प्रयत्न करूनही उत्तर मिळालं नाही तरच पुढचं.

शोध

सुईच्या रिपोर्टमध्ये कर्करोग आला की घशाची तपासणी नव्याने सुरू होते. नाकातून बारीक, वाकणारी दुर्बीण घालून कडं नीट पाहिलं जातं. बोट घालून टॉन्सिल आणि जिभेचं मूळ चाचपतात. पेशंटला उमासे येतात, पण डोळ्यांना न दिसलेला कडकपणा बोटाला कळू शकतो. ही जुनी पद्धत घाईत वगळू नये.

मग पेट स्कॅन. शरीरात साखरेसारखं किरणोत्सारी औषध सोडतात, आणि जिथे पेशी साखर जास्त खातात तिथे चित्रात ठिपका उजळतो. अडचण अशी, की टॉन्सिल हे मुळातच सतत कामावर असलेलं मांस. निरोगी टॉन्सिलही थोडं उजळतंच. आणि काही मिलिमीटरची गाठ या चित्रात हरवते. तरीही एका बाजूचं टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा जास्त उजळलं तर तो मोठा धागा असतो. पेट स्कॅन घशातल्या बायोप्सीच्या आधी करायचा असतो. आधी तुकडे काढले तर जखमेची जागा उजळते आणि धागेदोरे गुंततात. खर्चाचा विचार करून कधी हा क्रम उलटा होतो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

यानंतर पूर्ण भूल देऊन सविस्तर तपासणी. संशयाच्या बाजूचं टॉन्सिल पूर्ण काढतात. नुसता वरवरचा तुकडा घेऊन उपयोग नसतो, कारण गाठ खाचेच्या तळाशी असते. तिथे काही मिळालं नाही तर जिभेच्या मुळावरचं टॉन्सिलसारखं मांस. ही जागा एके काळी फार अडचणीची होती. तोंडातून सरळ हत्यारं तिथे वळत नसत. २००९ मध्ये अमेरिकेत तोंडावाटे रोबोटिक शस्त्रक्रियेला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. रोबोटचे बारीक हात आणि कॅमेरा तोंडातून जिभेच्या मागे पोचतात, चालवणारे सर्जन मात्र शेजारच्या टेबलावर बसलेले असतात. तपासणी, स्कॅन, टॉन्सिल सगळं करूनही हाती काही न लागलेल्या पेशंटपैकी जवळपास निम्म्यांचं मूळ असं जिभेच्या मुळात सापडल्याचे अभ्यास आहेत. सगळीकडे रोबोट नसतो. लेझर आणि सूक्ष्मदर्शक वापरूनही हे काम होतं.

आणि मग ते टॉन्सिल डबीतून माझ्या टेबलावर येतं. फॉर्मलीनमध्ये घट्ट झालेलं, करड्या रंगाचं. वरून बघितलं तर साधं टॉन्सिल. भाकरीचे काप करावेत तसे त्याचे दोन-तीन मिलिमीटरचे काप करायचे, आणि एकही काप न टाकता सगळे मेणात बसवायचे. नेहमीच्या टॉन्सिलचे एक-दोन काप पाहून भागतं, इथे भागत नाही. प्रत्येक मेणाच्या ठोकळ्यातून केसाहून कितीतरी पातळ पापुद्रे काढून रंगवायचे. पहिली काच, काही नाही. दुसरी, तिसरी, सहावी, काही नाही. मग एखाद्या काचेवर खाचेच्या तळाशी अस्तर अचानक गडद निळं होतं आणि त्याचा एक कोंब खाली उतरलेला दिसतो. तीन मिलिमीटर. सापडलं. अशा वेळी मी रिपोर्ट टाईप व्हायची वाट बघत नाही, सर्जनना आधी फोन करते.

एवढा खटाटोप का

कारण शेक कुठे द्यायचा ते यावर ठरतं. मूळ माहीत नसेल, तर संशयाच्या सगळ्या जागांना रेडिएशन द्यावं लागतं: टॉन्सिल, जिभेचं मूळ, कधी नाकामागची पोकळी, स्वरयंत्राच्या आसपास, मानेच्या दोन्ही बाजू. लाळग्रंथी भाजतात आणि तोंड कायमचं कोरडं पडतं. कोरडं म्हणजे काय, ते त्यातून गेलेल्या माणसाच्या जेवणाच्या पानावर दिसतं. भाकरीच्या प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो, चटणी-ठेचा तोंडाला सोसवत नाही, रात्री उशाशी तांब्या ठेवून झोपावं लागतं. चव जाते, दात किडतात, गिळणं अवघड होतं. तेच मूळ टॉन्सिलमध्ये सापडलं, तर शेक तेवढ्या भागापुरता आखता येतो. काहींच्या बाबतीत मूळ आणि मानेतल्या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून शेक आणखी कमी करता येतो किंवा टळतो.

हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण ही माणसं बरी होऊन पुढे खूप वर्षं जगतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात घशाच्या वरच्या स्टेजच्या कर्करोगातही एचपीव्ही असलेल्यांपैकी ८२ टक्के पेशंट तीन वर्षांनी जिवंत होते, एचपीव्ही नसलेल्यांपैकी ५७ टक्के. यामुळे स्टेजची पद्धतच बदलावी लागली. २०१७ पर्यंतच्या नियमांप्रमाणे मानेत एकाच बाजूला दोन-तीन गाठी असलेला माणूस चौथ्या स्टेजचा ठरायचा. नव्या आवृत्तीत तोच माणूस, त्याच गाठी, पण पी-१६ पॉझिटिव्ह आणि घशातली मूळ गाठ लहान असेल किंवा सापडलीच नसेल, तर पहिल्या स्टेजचा. जुनी माहिती वाचून "चौथी स्टेज" म्हणत हातपाय गाळलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

मात्र आजार सौम्य म्हणून उपचार मनानेच हलके करायचे नाहीत. सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोथेरपीच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य वाटणारं औषध देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निकाल २०१८ मध्ये आले, आणि सेटुक्सिमॅब घेतलेले पेशंट मागे पडले.

नाकामागचा दुसरा विषाणू

सुईच्या नमुन्यात पी-१६ नाही, पण एपस्टीन-बार विषाणूची खूण मिळाली, तर मूळ गाव नाकाच्या मागच्या पोकळीत शोधायचं. १९६४ मध्ये लंडनमध्ये एपस्टीन, अचाँग आणि बार यांनी युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींमध्ये हा विषाणू पाहिला. तो जगातल्या दहापैकी नऊ मोठ्या माणसांच्या अंगात असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही करत नाही. दक्षिण चीनमध्ये मात्र त्याच्याशी जोडलेला नाकामागचा कर्करोग पुष्कळ, आणि भारतात नागालँडमध्ये. महाराष्ट्रात तो क्वचित दिसतो, पण आपल्याकडे नोकरी-शिक्षणासाठी आलेला ईशान्येकडचा तरुण मानेत गाठ आणि एका कानाला दडा घेऊन आला, तर हे आठवायलाच हवं.

या विषाणूने एक वाट दाखवून दिली. हाँगकाँगमध्ये वीस हजारांहून जास्त निरोगी पुरुषांच्या रक्तात त्याच्या डीएनएचे तुकडे शोधले गेले. ३४ जणांत नाकामागचा कर्करोग सापडला, आणि त्यातल्या सुमारे ७१ टक्क्यांत तो पहिल्या-दुसऱ्या स्टेजला होता. एरवी एवढ्या लवकर तो जेमतेम २० टक्क्यांत सापडायचा. हा निकाल २०१७ चा. एचपीव्हीच्या तुकड्यांसाठीही आता तशी रक्तचाचणी अमेरिकेत वापरली जाते, मुख्यतः उपचारांनंतर आजार परत येतोय का ते पाहायला.

"ह्यांना हे कुठून आलं?"

रिपोर्टमध्ये एचपीव्ही हा शब्द आला की घरी कोणीतरी मोबाईलवर शोधतं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी पेशंटची बायको एकटीच उभी असते. "डॉक्टर, ह्यांना हे कुठून आलं?" प्रश्नाच्या मागे काय आहे ते तिच्या चेहऱ्यावर असतं.

हा विषाणू मुख्यतः शारीरिक संबंधांतून, मुखमैथुनातूनही पसरतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो, कळतही नाही. संसर्ग वीस-तीस वर्षांपूर्वीचा असू शकतो, लग्नाआधीचा असू शकतो, आणि कोणाकडून कोणाला गेला हे सांगणारी एकही चाचणी नाही. कर्करोगाच्या पेशींचं मूळ गाव मी काचेवर दाखवू शकते. विषाणूचं नाही, आणि ते शोधून उपचारात काडीचा फरक पडत नाही. हे मी तिला खुर्चीवर बसवून, दार लावून सांगते. मग ती विचारते, ताट-वाटी वेगळी ठेवायची का. नाही. एका पंगतीत जेवा, नातवंडांना मांडीवर घ्या. कर्करोग असा लागत नाही. तिने स्वतःची गर्भाशयमुखाची तपासणी मात्र करून घ्यावी, जी तिशीनंतर प्रत्येक बाईने करायचीच असते.

शेवटचा प्रश्न मुलांचा असतो. मुलीला लस द्यायची हे आता पुष्कळांना माहीत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली, तिच्यात १६ क्रमांकाचा प्रकार आहेच. कोस्टा रिकामध्ये तरुण मुलींवर एचपीव्ही लसीची चाचणी झाली होती. चार वर्षांनी त्यांच्या तोंडातले नमुने तपासले, तेव्हा १६ किंवा १८ क्रमांकाचा विषाणू लस न घेतलेल्या गटात १५ जणींच्या तोंडात सापडला, लस घेतलेल्या गटात एकीच्या. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये घशाच्या कर्करोगापासून बचाव हा लसीचा उपयोग म्हणून मान्य केला. घशाचा हा कर्करोग पुरुषांमध्ये कितीतरी जास्त होतो, आणि मुलग्यांना देता येणारी लस भारतात मिळते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरा पूर्ण झाल्यावर तीन. तिचा धाकटा दहावीत आहे म्हणाली. मी चिठ्ठीवर तीन लिहून दिले.